शाळेच्या नळाचे पहिले पाणी



बोअरच्या पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, हे मी तुम्हांला किती वेळा सांगितले असेल! मोटार सुरू करा, पंधरा-वीस मिनिटे पाणी वाहू द्या, बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा आणि मग भरा. पाइपात साचलेले पाणी नको, जमिनीतले खरे पाणी हवे. नोकरीत हे वाक्य माझ्या तोंडी इतके बसले, की एका गावच्या शाळेत त्यानेच मला फसवले.

त्या शाळेच्या पालकसभेला मी सहज बसलो होतो. एका आईने उठून विचारले, "साहेब, विहिरीचं पाणी तपासता, पण पोरं पितात त्या नळाचं कोण तपासतं? त्यात शिसं उतरतं म्हणतात." प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः गेलो, नळ सोडला, पाणी भरपूर वाहू दिले, बाटली विसळली आणि भरून प्रयोगशाळेत दिली. अहवाल चांगला आला. सरपंच खूश, मुख्याध्यापक बाई खूश. पण प्रयोगशाळेतल्या तरुण मुलीने फोन करून विचारले, "सर, त्याआधी नळ किती वेळ बंद होता?" मी खरे ते सांगितले. ती म्हणाली, "मग हा अहवाल विहिरीचा झाला, नळाचा नाही."

बी.एस्सी. ॲग्री होऊन इतकी वर्षे झाली, तरी ही गोष्ट मला नव्याने शिकावी लागली. शिसे विहिरीतून क्वचितच येते. ते मिसळते वाटेत. स्वस्त पितळी तोटीत, डाग दिलेल्या जुन्या सांध्यात, पाणी थंड करायच्या यंत्राच्या जोडात शिसे असू शकते. पीव्हीसी पाइप टिकाऊ व्हावा म्हणून त्यातही शिशाचे क्षार घालत. त्यावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले, पण आधी गाडलेले पाइप अजून जमिनीतच आहेत. पाणी रात्रभर तोटीत आणि पाइपात उभे राहिले, की थोडे थोडे शिसे त्यात उतरते. सकाळी नळ सोडला की ते पहिल्या धारेत बाहेर पडते आणि पाच-दहा मिनिटांनी पाणी पुन्हा बरे दिसते. मऊ, किंचित आंबट पाणी धातू जास्त खाते. कोकणातल्या जांभ्याचे पाणी आणि पत्र्यावरून साठवलेले पावसाचे पाणी या जातीचे, म्हणून तिकडच्या वाचकांनी जास्त लक्ष द्यावे.

माझी चूक एकट्याची नव्हती, हे मागाहून कळले. अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे शहर आहे. तिथे एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटचे पाणी बंद करून नदीचे सुरू केले. पाइप खाल्ले जाऊ नयेत म्हणून पाण्यात जे औषध टाकायचे, ते टाकले नाही. जुन्या पाइपांतले शिसे सुटले. लोक ओरडत होते. पण नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटे वाहता सोडा, अशी सूचना घरोघर दिलेली! सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्ताचे अहवाल पुढे ठेवले. रक्तात जास्त शिसे असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. मग कुठे पुढच्या महिन्यात जुने पाणी परत आले.

आता म्हणाल, एवढ्याशा शिशाने काय होते? आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच शिसे चालते. दहा हजार लिटरचे दहा टँकर भरा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम शिसे, एवढी ही मर्यादा. त्याला ना रंग, ना वास, ना चव. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल पोटात गेलेले शिसे चार ते पाच पट जास्त शोषून घेते. शरीर त्याला चुनखडीसारखे समजून हाडांत साठवते. त्याचा मार मेंदूवर बसतो. शिकणे, लक्ष लागणे मागे पडते. प्रत्येक मागे पडणाऱ्या मुलामागे शिसेच असते असे मुळीच नव्हे. पण असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. मुलांसाठी निर्धोक असे शिशाचे प्रमाण माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुसरा नमुना घ्यायला मी सकाळी सातला पोहोचलो, तर पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी नळ सोडलेला! "साहेब, खिचडीचं पातेलं भरलं की मी. पहिलं पाणी रोज मीच घेते." मी तिथेच कपाळाला हात लावला. दिवस वाया गेला, पण खरी गोष्ट मावशींकडूनच कळली. रात्रभर साचलेले पाणी थेट मुलांच्या ताटात जात होते. उकळून शिसे उडत नाही, पाणी आटते तसे ते दाटच होते. तुरटी, टीसीएल, फडक्याची गाळणी, यांपैकी कशानेही ते जात नाही.

तिसऱ्या वेळी आदल्या संध्याकाळी तिन्ही नळांना फडके बांधून ठेवले. नमुन्याची रीत आता नीट ऐका, कारण ती शेतीच्या नमुन्याच्या अगदी उलटी आहे. नळ निदान आठ तास बंद हवा, पण अठरा तासांहून जास्त नको. म्हणून सोमवारची सकाळ टाळा. बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, पाव लिटरची, आणि ती विसळू नका. पहिली धार तिच्यातच गेली पाहिजे. मग अर्धा मिनिट पाणी सोडून दुसरी बाटली भरा. पहिलीत शिसे जास्त आणि दुसरीत कमी, तर दोष बहुधा तोटीचा. दुसरीतही जास्त, तर मागच्या पाइपाकडे बघा. प्रत्येक नळाची जोडी वेगळी, चिठ्ठीवर नळाची जागा आणि नळ किती तास बंद होता ते लिहा.

तीनपैकी दोन नळ बरे निघाले. ओट्याजवळचा, मावशींचा नळ मर्यादेच्या वर निघाला. दुसरी बाटली मात्र ठीक होती. जुनी पितळी तोटी काढून नवी बसवली, पुन्हा नमुना दिला, तो बरा आला. खर्च म्हणाल तर एका तोटीचा.

तुमच्या गावात जलसुरक्षक नमुने घेतात, किटने तपासणीही होते. पण त्या किटने सहसा शिसे कळत नाही, आणि ग्रामपंचायतीचे हिरवे कार्ड पाण्याच्या उगमाची स्वच्छता पाहून दिलेले असते. प्रयोगशाळेलाही 'शिसे तपासा' असे लेखी सांगावे लागते, नाहीतर नेहमीचे तेवढेच बघतात. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात तो शब्द घाला आणि ग्रामपंचायतीमार्फत जिल्हा प्रयोगशाळेला पत्र द्या. अहवाल वाईट आला तर त्या नळाचे पाणी पिण्याला आणि रांधायला त्याच दिवशी बंद करा आणि मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलाच्या अंगी शिसे जास्त लागते, म्हणून नाचणी, दूध, पालेभाजी ताटात असू द्या.

अहवाल येईपर्यंतही एक काम करता येते. सकाळी नळ काही मिनिटे सोडून मगच पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी भरायचे. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा जास्त वेळ सोडायचा. पाणी वाया जाते म्हणून जीव तुटतो, ते मलाही कळते. त्या शाळेत मावशी आता पहिल्या दोन बादल्या भरून संडास धुवायला देतात आणि तिसरीपासून पातेले भरतात.