केबल मोडेमची जोडणी

केबल मोडेम टीव्हीच्याच कोॲक्सियल वायरीवरून इंटरनेट घेतो आणि लॅनच्या वायरीने संगणकाला देतो. डॉक्सिस हे त्याचे तांत्रिक प्रमाण १९९७ साली ठरले. टीव्हीला केबलवाल्याच्या कंट्रोल रूमकडून फक्त घ्यायचे असते. मोडेमला परतही पाठवावे लागते. जोडणीतल्या बहुतेक अडचणी या परतीच्या वाटेवर निघतात. दोष मात्र आधी संगणकाला दिला जातो.

बारामती-इंदापूरच्या गल्ल्यांत खांबावरून घरात उतरलेली वायर स्प्लिटरने दोन-तीन टीव्हींना वाटलेली असेल, तर मोडेमची वायर पहिल्याच स्प्लिटरवरून काढावी. दोन तोंडांच्या स्प्लिटरवर सुमारे साडेतीन डेसिबल, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती खर्च होते. टीव्हीसाठी लावलेला बूस्टर या वाटेत नसावा. जुने बूस्टर एकाच दिशेने चालतात: चित्र लख्ख दिसते, मोडेमचा दिवा मात्र लुकलुकत राहतो, आणि घरमालक उगाच संगणक फॉरमॅट करून आणतो.

वायरीच्या टोकाचा जोड घाईत केलेला असतो. मधली तांब्याची तार जोडाच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर यावी आणि जाळीचा एकही केस तिला टेकू नये. जोड हाताने घट्ट बसवला की मगच मोडेमला वीज द्यावी. आधी विजेचा, मग घेण्याचा, मग पाठवण्याचा आणि शेवटी ऑनलाइनचा दिवा स्थिरावतो. याला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात तीनदा बंद-चालू करणाऱ्याचा मोडेम कधीच स्थिरावत नाही.

मोडेमच्या तळाशी छापलेला बारा अक्षरी मॅक क्रमांक केबलवाल्याला कळवावा लागतो. कंट्रोल रूममध्ये तो नोंदला गेल्यावरच जोडणी सुरू होते. आता लॅनची वायर डेस्कटॉपला लावायची. जुन्या संगणकात पोर्ट नसेल तर लॅन कार्ड बसवावे. विंडोजमध्ये आयपी पत्ता आपोआप मिळवण्याचा पर्याय निवडावा. पत्ता १६९.२५४ने सुरू झाला, तर संगणकाला तो बाहेरून मिळालेलाच नाही असे समजावे. अनेक मोडेम पहिल्या जोडलेल्या संगणकाचीच ओळख धरून बसतात. संगणक बदलल्यावर मोडेम एकदा बंद करून चालू करावा.

घरात यूपीएस असला तरी लाईट गेल्यावर इंटरनेट टिकेलच असे नाही, कारण खांबावरच्या ॲम्प्लिफायरलाही वीज लागते. वळिवाचे ढग जमले की मोडेमची वीज, कोॲक्सियल आणि लॅन या तिन्ही वायरी काढून ठेवाव्यात. फक्त प्लग काढून भागत नाही. विजेचा झटका केबलवरूनही येतो आणि संगणकाचा लॅन पोर्ट जाळतो.

ही सारी सोय दाट वस्तीची. वरच्या वारंवारतेला घरगुती कोॲक्सियल वायर शंभर मीटरला सुमारे २० डेसिबल गमावते, म्हणजे शक्तीचा शंभरावा भाग उरतो. मळ्यातल्या वस्त्यांवर, जिथे एका घरापासून दुसरे घर उसाच्या दोन फडांपलीकडे, तिथे ती पुरत नाही. ऑप्टिकल फायबर किलोमीटरला अर्ध्या डेसिबलहूनही कमी गमावते. तिथे मोडेमच्या जागी फायबरची पेटी येते. तिच्यावर लाल दिवा लागला तर घरात काही खटपट न करता थेट केबलवाल्याला फोन करावा.