राजघराण्यातील लग्ने आणि आपल्या घरचा मांडव

सुरत शहराच्या पूर्व अंगास, बारडोलीच्या बाजूला, पर्वत पाटिया नावाचा नाका आहे. गुजरातीत पाटिया म्हणजे पाटी. हमरस्त्यावर ज्या ठिकाणी गावाच्या नावाची पाटी असे आणि गाडी थांबत असे, त्या ठिकाणास तिकडे पाटिया म्हणतात. आज तेथे गावाचे गावपण फारसे उरलेले नाही. कापडबाजाराच्या उंच इमारती, साड्यांचे गठ्ठे वाहून नेणारे टेंपो आणि दाटीने उभी राहिलेली घरे हेच तेथील चित्र. राजस्थानातून आलेले व्यापारी, ओडिशातून आलेले मागावरचे कामगार आणि आपल्या खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे ह्या भागात शेजारी शेजारी राहतात.

ह्याच वस्तीत आमच्या नात्यातील एक कुटुंब राहते. मूळचे वसईकडचे; गृहस्थ कापडाच्या पेढीवर हिशेबनीस. त्यांची धाकटी कन्या वाणिज्य महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या हिवाळ्यात चार दिवस त्यांच्याकडे राहण्याचा योग आला. पहिल्याच रात्री जेवणानंतर तिच्या वडिलांनी माझ्याजवळ तक्रार मांडली.

“दादा, ह्या मुलीला तुम्हीच काही सांगा. तिला दोनच गोष्टींचा नाद आहे. कोठल्या खाणावळीत काय चांगले मिळते, आणि कोणत्या राजपुत्राचे लग्न कसे झाले! अभ्यासाच्या वहीपेक्षा ती वही जाड झाली आहे.”

मुलगी हसली आणि वही घेऊन आली. वही दोन्ही बाजूंनी लिहिलेली होती. पुढून उघडली की खाणावळी, मागून उघडली की राजघराण्यातील लग्ने. उपदेश करण्याच्या तयारीने मी ती हाती घेतली. परंतु वाचता वाचता उपदेश बाजूला राहिला.

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण भाग्यवंतालाच लाभते, अशा अर्थाची एक म्हण गुजरातेत प्रसिद्ध आहे. मुलीने ती म्हण जणू तपासून पाहावयाची ठरविली होती. लोचो नावाचा पदार्थ तिने पहिल्या पानावर घेतला होता. हरभऱ्याच्या डाळीचे वाटण वाफवून तो करतात. खमणासारखाच, पण वडी न पडणारा, मऊ. त्यावर तेल, शेव, कांदा आणि चटणी. खमण बिघडले आणि त्यातून हा पदार्थ जन्मास आला, असे लोक सांगतात. थंडीतले उंधियु, त्यातील सुरती पापडी आणि जांभळा कंद. कोवळ्या ज्वारीचा पोंक. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, घरोघर खाल्ली जाणारी तुपात माखलेली घारी. डचांच्या वखारीतील भट्टीपासून चालत आलेली म्हणून सांगितली जाणारी नानखटाई. आणि खानदेशी माणसाने आपल्याबरोबर आणलेली शेवभाजी व वांग्याचे भरीत, ह्या सर्वांची नोंद त्या वहीत होती.

ह्या नोंदी जिभेचे चोचले पुरविणाऱ्याच्या नव्हत्या. प्रत्येक ठिकाणापुढे तिने दर लिहिला होता, पाणी स्वच्छ आहे की नाही ते लिहिले होते, आणि बहुतेक ठिकाणी स्वयंपाक कोण करते तेही लिहिले होते. एका गाडीपुढे तिने लिहिले होते: “बाई विधवा आहेत. दोन मुलांना ह्याच गाडीवर शिकवीत आहेत. भजी गरम. उधार देत नाहीत आणि घेतही नाहीत.” हे वाक्य माझ्या लक्षात राहिले.

नंतर मी वही उलटी केली.

राजघराण्यातील लग्नांचा तिचा नाद 29 एप्रिल 2011 रोजी सुरू झाला. त्या दिवशी लंडनमधील वेस्टमिन्स्टर अॅबीत राजपुत्र विल्यम आणि कॅथरीन ह्यांचा विवाह झाला. ही तेव्हा लहान होती. आईच्या मांडीवर बसून तिने तो सोहळा दूरदर्शन संचावर पाहिला. आईने तिला सांगितले, “आज सिएनाच्या संत कॅथरीनचा सण, आणि नवरीचे नावही कॅथरीन.” तेवढ्या एका गोष्टीने मुलीचे मन त्या विषयात गुंतले ते गुंतलेच.

वहीतील पुढचे पान 20 नोव्हेंबर 1947 चे होते. राजकन्या एलिझाबेथ हिचा विवाह झाला तेव्हा महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती आणि इंग्लंडात कापडाचे रेशनिंग चालू होते. भावी राणीलाही आपल्या पोशाखासाठी कुपने वापरावी लागली. भारत नुकताच स्वतंत्र झाला होता. महात्मा गांधींनी स्वतः कातलेल्या सुताचे हातविणीचे वस्त्र आहेर म्हणून पाठविले. त्यावर ‘जय हिंद’ ही अक्षरे होती. मुलीने खाली लिहिले होते: “सगळ्यांत कमी किमतीचा आहेर. पण लोकांच्या लक्षात तोच राहिला.” ज्या गावात रोज लक्षावधी मीटर कापड गाडीवर चढते, त्या गावच्या मुलीने हे लिहावे, ह्याचे मला कौतुक वाटले.

मराठी राजघराण्यालाही वहीत जागा होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील एक मुलगा 1875 साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. तेच महाराज सयाजीराव गायकवाड. 1880 साली तंजावरकडील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह मोठ्या थाटाने झाला आणि सासरी त्यांचे नाव चिमणाबाई ठेवण्यात आले. ह्या राणीसाहेबांबरोबर तंजावरची नृत्यकला बडोद्यास आली. परंतु अवघ्या पाच वर्षांत, 1885 साली, त्या निवर्तल्या. पुढे ह्याच राजाने 1904 साली आपल्या संस्थानात बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. मिरवणुकीचे हत्ती लोक विसरले. कायदा मात्र इतिहासात राहिला.

आता कॅथोलिक राजघराण्यांकडे वळू. 19 एप्रिल 1956 रोजी मोनॅकोच्या कॅथीड्रलमध्ये राजे रेनिये ह्यांच्याशी ग्रेस केली ह्या अमेरिकन अभिनेत्रीचा विवाह झाला. सर्व जगाचे डोळे तिच्या पोशाखाकडे लागले होते. लग्नसंस्कारानंतर नवी राणी मोनॅकोची आश्रयदात्री संत देवोता हिच्या छोट्या देवळात गेली आणि हातातील फुलांचा गुच्छ तिने त्या संतेच्या चरणी ठेविला. ह्या प्रसंगाखाली मुलीने लाल रेघ ओढली होती.

15 डिसेंबर 1960 रोजी ब्रुसेल्स येथे बेल्जियमचे राजे बोदुएँ आणि स्पेनच्या फाबिओला ह्यांचा विवाह झाला. ह्या दांपत्याला संतती लाभली नाही. पाच वेळा आशा उत्पन्न झाली आणि पाचही वेळा ती मावळली, असे राणीने पुढे स्वतःच सांगितले. गादीला वारस नसणे हे राजघराण्यात केवढे दुःख! तथापि दोघांनी एकमेकांची साथ सोडली नाही. 1990 साली गर्भपाताला मुभा देणारा कायदा राजापुढे सहीसाठी आला तेव्हा त्यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून सही नाकारली. त्यासाठी काही काळ राज्याधिकार सोडावा लागला, तोही त्यांनी सोडला. 1993 साली ते परलोकवासी झाले, तेव्हा राणी अंत्यविधीस काळ्या नव्हे, पांढऱ्या वस्त्रांत आली. पुनरुत्थानावर जिची श्रद्धा आहे तिला पांढरे वस्त्र शोभते.

वहीतील शेवटचे पान ऑस्ट्रियाच्या राजपुत्र कार्ल आणि राजकन्या झिता ह्यांचे होते. त्यांचा विवाह 21 ऑक्टोबर 1911 रोजी श्वार्झाऊच्या वाड्यात झाला. अंगठीवर त्यांनी मरियामातेच्या आश्रयाची प्राचीन प्रार्थना कोरून घेतली होती. आता आपण एकमेकांना स्वर्गापर्यंत पोहोचण्यास साहाय्य करावयाचे, असे कार्ल झिताला म्हणाले, अशी आठवण सांगतात. पाच वर्षांनी ते सम्राट झाले. आणखी दोन वर्षांनी साम्राज्य गेले. माडेरा बेटावर हद्दपारीत, गरिबीत, 1 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेविला. सात मुले पदरात होती आणि आठवे पोटात. झिता त्यानंतर सदुसष्ट वर्षे जगली आणि अखेरपर्यंत तिने वैधव्याचा काळा वेष उतरविला नाही. परमगुरू जॉन पॉल दुसरे ह्यांनी 3 ऑक्टोबर 2004 रोजी कार्ल ह्यांना धन्य घोषित केले. धन्यांचा स्मरणदिन सामान्यतः मृत्यूच्या दिवशी येतो. कार्ल ह्यांचा मात्र 21 ऑक्टोबरला, म्हणजे लग्नाच्या वाढदिवशी ठेवण्यात आला.

मी वही मिटली. मुलगी म्हणाली, “काका, मी आधी फक्त झगे आणि केक पाहत असे. मग मला वाटू लागले, ह्यांचे पुढे काय झाले? तेव्हापासून मी पुढचेही लिहून ठेवते.”

ह्यानंतर जी गोष्ट कळली तिच्यामुळेच हा लेख लिहिण्याचे मनात आले. तिच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले होते. लग्न गावी, वसईकडे, ईस्टरनंतर व्हावयाचे होते. वडिलांनी मोठे सभागृह ठरविण्याचा बेत केला होता: सहाशे पाने, बाहेरचा केटरर, रोषणाई, वाजंत्री, तीन दिवसांचे समारंभ. त्यासाठी पतपेढीकडून पाच लाख रुपये उचलावयाचे आणि गावच्या घराचे कागद तारण ठेवावयाचे. अर्जही लिहून तयार होता.

“लोक काय म्हणतील?” ते मला म्हणाले. “वीस वर्षे शहरात राहून मुलीचे लग्न साधे केले, असेच ना?”

आपल्या खेड्यापाड्यांत हा प्रश्न किती घरांत विचारला जातो हे वाचकांस सांगावयास नको. पूर्वी मांडव गावाने घातला, लाकडे गावाने फोडली, भांडी शेजाऱ्यांची आली आणि स्वयंपाकाला आळीतल्या बाया बसल्या. मटण, फुगे आणि भात ह्यांवर गावजेवण होई. आज ते सर्व दामाने विकत घ्यावे लागते. राजाचे लग्न खजिन्यातून होते. आपले पतपेढीतून होते, हा भेद आपण विसरतो.

मुलगी आत गेली आणि एक सुटा कागद घेऊन आली. तिने त्यावर सर्व खर्च दोन रकान्यांत मांडला होता. खाणावळींच्या वहीने तिला एक गोष्ट शिकविली होती, ती म्हणजे एका ताटाला खरोखर किती खर्च येतो आणि त्यात दिखाव्याचा भाग किती. पाहुणे अडीचशे. जेवण देवळाजवळच्या शाळेच्या अंगणात, फादरांची अनुमती घेऊन. स्वयंपाक गावच्याच बायकांच्या हातचा, पण फुकट नव्हे, मजुरी देऊन. पदार्थ चारच, पण पोटभर. गोड म्हणून सुरतेची घारी. सर्व खर्च वडिलांच्या शिलकीत बसत होता. कागदाच्या तळाशी तिने लिहिले होते: “घराचे कागद घरीच.”

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी थोरल्या मुलीला हाक मारली आणि विचारले, “तुला काय वाटते, बाळ? लग्न तुझे आहे.”

ती दारातच उभी होती. म्हणाली, “बाबा, मला मोठे सभागृह हवे होते. नाही कसे म्हणू? पण पुढच्या वर्षी मी सासरी असेन आणि तुम्ही हप्ते फेडत असाल, हे मला सोसवणार नाही.”

त्या रात्री निर्णय झाला नाही. वरपक्षाशीही बोलावयाचे होते, आणि मानापमानाच्या गोष्टी एका रात्रीत सुटत नाहीत. ईस्टरनंतर त्या लग्नाला मी गेलो. जेवण शाळेच्या अंगणात होते. पाहुणे अडीचशेऐवजी तीनशेच्या वर गेले, घारी शेवटच्या पंगतीला कमी पडली आणि वराच्या एका मामांनी रोषणाई नसल्याबद्दल तोंड वाकडे केले. ह्यापलीकडे कोणी काही म्हटले नाही. तो अर्ज पतपेढीत गेलाच नाही.

प्रभू येशूने आपला पहिला चमत्कार काना गावी एका लग्नघरीच केला. तेथेही द्राक्षरस कमी पडला होता, आणि ती उणीव सर्वांच्या आधी मरियामातेच्या ध्यानात आली. ते घर श्रीमंताचे होते की गरिबाचे, हे शुभवर्तमानात सांगितलेले नाही. प्रभू तेथे निमंत्रित होता एवढेच सांगितले आहे. आपल्या लग्नाची यादी करताना हे पहिले नाव राहून तर जात नाही ना?

राजघराण्यातील लग्नाची एक गोष्ट तर प्रभूनेच सांगितली आहे. राजाने आपल्या पुत्राच्या लग्नाची मेजवानी दिली. मानाचे निमंत्रित आले नाहीत. कोणी शेताकडे गेला, कोणी व्यापाराकडे. तेव्हा राजाने आपले सेवक रस्त्यांच्या नाक्यांवर धाडले आणि जे भेटले त्यांना बोलावून आणले. हा दाखला मी अनेकदा ऐकला आहे. परंतु आता तो वाचला की मला पर्वत पाटियाचा नाका दिसतो. टेंपोवाले, मागावरचे कामगार, हिशेबनीस आणि भज्यांच्या गाडीवर मुलांना शिकविणारी ती विधवा बाई. त्या मेजवानीचे निमंत्रण ह्यांनाच आहे, आणि तुम्हांआम्हांलाही आहे. तिच्यासाठी लागणारे लग्नवस्त्र सुरतेच्या बाजारात मिळत नाही, आणि त्यासाठी कोणाच्या घराचे कागदही गहाण पडत नाहीत.