भाड्याची खोली आणि उत्पन्नाचा कागद

पिंपरीच्या बाजारपेठेतून पवनेवरचा पूल ओलांडला की काळेवाडी लागते. बाजारातील पेढ्यांवर दिवसभर हिशेब लिहिणारे, माल मोजणारे आणि पोहोचवणारे कितीतरी जण रात्री येथील एक-दोन खोल्यांत परततात. त्यांत आपली साधर्मिक कुटुंबेही आहेत. एके काळी स्वतःचे दुकान चालवलेला आणि आज दुसऱ्याच्या दुकानात काम करणारा गृहस्थ चातुर्मासात वर्गणी देतो, पण भाडे थकले आहे हे कोणाजवळ बोलत नाही.

अशा घराचा हिशेब मांडून पाहू. पगार १८,००० रुपये, पत्नीच्या शिवणकामाचे ६,०००, भाडे ७,५००. मिळकतीचा तिसरा हिस्सा केवळ छपरावर जातो. मग सरकार भाड्याला काही हातभार लावते काय?

अमेरिकेत १९७४ पासून अशी सोय आहे. पात्र कुटुंबाने उत्पन्नाच्या सुमारे तीस टक्के भाडे द्यायचे आणि उरलेले सरकारने घरमालकाला द्यायचे, अशी ती पद्धत आहे. मात्र तेथेही प्रतीक्षायादी वर्षानुवर्षे सरकत नाही. आपल्याकडे केंद्र सरकार सर्वसाधारण भाडेकरूच्या हाती भाड्याची रक्कम देत नाही. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारी सोय म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पुणे, पिंपरी-चिंचवड यांसारख्या शहरांत तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात आणि त्यांतील २०,००० निवासासाठी असतात. उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात घर पाडल्यावर मिळणारे संक्रमण काळातील भाडेही खरे आहे, परंतु ते विकासकाने द्यायचे असते.

उरते प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.०. ही १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. तिच्या चार घटकांपैकी एक परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा आहे. स्थलांतरित, औद्योगिक कामगार, नोकरदार स्त्रिया, फेरीवाले यांना स्वतःचे घर घेणे शक्य नसेल तर रास्त भाड्याची जागा मिळावी, हा त्याचा हेतू. मात्र यातले साहाय्य इमारत उभारणाऱ्यास वा चालवणाऱ्यास मिळते. सरकारी पैशाने बांधून रिकामी राहिलेली घरे भाड्याने देणे हा एक मार्ग आणि सार्वजनिक किंवा खासगी संस्थेने नवी घरे बांधून ती चालवणे हा दुसरा. ज्या ट्रस्टांकडे मोकळी जमीन पडून आहे त्यांच्या विश्वस्तांनी हा दुसरा मार्ग एकदा तरी वाचून पाहावा. चाकण पट्ट्यात कामगारांची निकड काय आहे, हे त्यांना सांगायला नको.

पात्रतेचा प्रश्न येथून सुरू होतो. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट, ३ ते ६ लाख अल्प उत्पन्न गट, ६ ते ९ लाख मध्यम. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. यांपैकी कोणाच्याही नावावर भारतात कोठेही पक्के घर नसावे आणि मागील २० वर्षांत कोणत्याही सरकारी गृहयोजनेचा लाभ घेतलेला नसावा. मारवाडातील वा नगर जिल्ह्यातील वडिलोपार्जित वाड्यात वारसनोंदीने नाव लागले असेल तर अर्ज करण्यापूर्वीच त्याची चौकशी करावी. कुलूपबंद वाडाही कागदावर घरच असतो.

वरील कुटुंबाचे उत्पन्न २,८८,००० होते, म्हणजे ते दुर्बल गटात बसते. दिवाळीला एक पगार बोनस मिळाला की ३,०६,००० होतात आणि गट बदलतो. भागीदारीतील परवडणारी घरे केवळ दुर्बल गटासाठी असल्याने तो दरवाजा बंद होतो. व्याज अनुदान मात्र तिन्ही गटांना खुले आहे. ३५ लाखांपर्यंतचे घर, २५ लाखांपर्यंतचे कर्ज, त्यातील पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के आणि एकूण कमाल १,८०,००० रुपये पाच वार्षिक हप्त्यांत, अशी त्याची रचना आहे. काळेवाडीत परवानगीविना उभ्या राहिलेल्या घरांवर बँक असे कर्ज देत नाही. घर निवडताना हे आधी पाहावे.

स्वतःचा किरकोळ धंदा करणाऱ्यांची अडचण निराळीच. कर बसत नाही तोवर रिटर्नमध्ये उत्पन्न चढवून दाखवा, पुढे कर्ज मिळेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. मग तोच माणूस तहसीलदारांकडे एक लाखाचा दाखला मागतो. दोन्ही कागद एकाच आधार क्रमांकाने जोडलेले असतात आणि अशी विसंगती तपासणीत लपत नाही. दोन्हींत खरा आकडा असलेले बरे.

याहून मोठी अडचण मात्र आपल्याच दुकानांत निर्माण होते. पगार रोख, नोंद वहीत आणि नोकराच्या हाती कागद नाही. तहसीलदारांच्या दाखल्यासाठी तो काय जोडणार? खोली आपली असेल तर तेथेही तेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद उद्भवल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एवढ्या खर्चासाठी अनेक जण अकरा महिन्यांचा करार नोटरीवर भागवतात. पत्त्याचा भक्कम पुरावा हवा असतो तेव्हा त्या भाडेकरूच्या हाती काहीच उरत नाही.

साधर्मिक भक्तीतून भाड्याचे दोन-तीन महिने कोणीतरी गुप्तपणे भरतो, हे आपल्या समाजात नवे नाही. पगाराचा दाखला देणे मात्र राहून जाते. दुकानाच्या लेटरहेडवर नाव, काम, केव्हापासून, मासिक पगार, बोनससह वार्षिक रक्कम आणि शिक्का, एवढेच त्यात लिहायचे असते. एप्रिलमध्ये खाती बंद होतात तेव्हा हा आकडा मालकासमोर तयारच असतो. त्याच आठवड्यात कागद दिला तर नोकराला आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात दाखल्याचा अर्ज वेळेत करता येतो.