जुन्या फियाटची तेलगळती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

1964 साली आलेली फियाट 1100 डिलाइट 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. खासगी पद्मिनी मात्र अनेक घरांनी आजही जिवापाड जपल्या आहेत. त्यांच्या 1089 सीसी इंजिनाखाली तेलाचा डाग दिसला की ऐकीव सल्ल्यांना ऊत येतो. त्यातले काही सल्ले गळतीपेक्षा जास्त नुकसान करतात.

गैरसमज : जुनी गाडी म्हटली की तेल गळायचंच.
वस्तुस्थिती : रात्रभरात पडलेल्या चार-पाच थेंबांनी इंजिन कोरडं पडत नाही, एक लिटर तेलात वीस हजारांहून अधिक थेंब असतात. पण इंजिन चालू असताना गळती वाढते, आणि ती जमिनीवर दिसत नाही. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर धूर होतो, आगीचाही धोका असतो. क्लचप्लेटवर गेलं तर क्लच घसरतो. इंजिनाच्या रबरी माउंटिंगवर साचलं तर रबर फुगून मऊ पडतं. म्हणून डाग लहान असला तरी त्याचं मूळ शोधायलाच हवं.

गैरसमज : डाग जिथे, गळती तिथेच.
वस्तुस्थिती : तेल खाली ओघळतं आणि पंख्याच्या व धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकतं. टॅपेट कव्हरमधून झिरपलेलं तेल मागून ओघळत आलं की क्रँकचं मागचं सील गेल्यासारखं वाटतं. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. निदान चुकलं तर एवढा सगळा खटाटोप वाया!

आधी थेंब कशाचा आहे ते पाहा. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंग खातं. मग इंजिन थंड असताना कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्युटर झाकून मळ स्वच्छ धुवा आणि पूर्ण सुकू द्या. सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा, थोडी फेरी मारून या आणि ओली रेघ वरून खाली शोधत जा. सगळ्यात वर जिथे पावडर भिजली आहे, तीच गळतीची जागा.

गैरसमज : बोल्ट आवळले की गळती थांबते.
वस्तुस्थिती : कॉर्कचं पॅकिंग जास्त आवळलं की चिरडून बाहेर येतं. पत्र्याचं कव्हर बोल्टच्या भोकांपाशी खोलगट होतं आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहते. अशा वेळी कव्हर काढा, सपाट ठोकळ्यावर हलक्या हाताने सरळ करा, जुनं पॅकिंग खरवडून नवीन बसवा. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

गैरसमज : भरपूर सिलिकॉन लावलं की काम पक्कं.
वस्तुस्थिती : जादा सिलिकॉन आतही दाबलं जातं. त्याचे तुकडे सुटून इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीत अडकले, तर बेअरिंगला तेल मिळत नाही. पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट असेल तर बहुतेक ठिकाणी चांगलं पॅकिंग पुरेसं असतं.

गैरसमज : घट्ट तेल घातलं की गळती बंद.
वस्तुस्थिती : फाटलेलं पॅकिंग घट्ट तेलाने सांधत नाही. उलट थंड इंजिन चालू करताना असं तेल वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच तेल वापरा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका. जादा तेलानेही गळती वाढते.

गैरसमज : गळती म्हणजे इंजिन काम आलंच.
वस्तुस्थिती : आधी ब्रीदरची नळी तपासा. पिस्टन रिंगांना चुकवून खाली उतरणारा वायू या नळीवाटे बाहेर पडतो. ती काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सांध्यातून वाट काढतं. नळी साफ केल्यावरही तेल भरायच्या तोंडातून जोराने धूर येत राहिला, तरच रिंगा आणि सिलिंडरच्या झिजेची शंका घ्या.

गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नका. भक्कम स्टँड लावा. काढलेलं तेल गटारात ओतू नका. जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि पाना हातात घेण्याआधी गळतीचं मूळ नक्की करा. बहुतेक वेळा एका स्वस्त पॅकिंगवर काम भागतं.