गुणसूत्राचा हवा तेवढाच भाग कसा वाचतात?

दहावीला आनुवंशिकता शिकवताना हा प्रश्न हमखास येतो. आपल्या पाटणच्या मुलांना रक्तगटाचं उदाहरण पटकन पटतं.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, कार्डावरही तेच लिहिलं जातं. पण या माणसाला ‘ओ’ रक्त दिलं तर जिवावर बेततं! कारण ‘ओ’ रक्तातलं एच प्रतिजन त्याच्याकडे नसतंच.

एच तयार करायला लागणारं एफयूटी१ जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे. गुणसूत्राची अक्षरं सुमारे ५.९ कोटी, जनुकाचा कामाचा मजकूर जेमतेम ११००. मग तो शोधायचा कसा?

खरं तर कापून काढत नाहीत. त्या भागाच्या दोन्ही टोकांना जुळणारे छोटे डीएनए तुकडे, म्हणजे प्रायमर, घालतात. ९५ अंशांना डीएनएचे धागे सुटतात, थंड केल्यावर प्रायमर चिकटतात, मग विकर मधला भाग उतरवून काढतं. दर फेरीला दुप्पट. ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटी प्रती. बाकीचा डीएनए या गर्दीत जाणवतही नाही. हेच पीसीआर. मग सँगर पद्धतीने अक्षरं क्रमाने वाचतात.

अनेक भारतीय ‘बॉम्बे’ व्यक्तींत ७२५व्या जागी टी ऐवजी जी सापडतो. असं जनुक आई-वडील दोघांकडून यावं लागतं, म्हणून सख्ख्या भावंडांचीही तपासणी करायची.

वर्गात ७२५ ला ३ ने भागायला लावा. भागाकार २४१, बाकी २. म्हणजे २४२व्या अमिनो आम्लाचं मधलं अक्षर बदललं: ल्युसीनच्या जागी आर्जिनीन.