एका दहा अंकी संख्येची परीक्षा

दोनाचा बत्तिसावा घात काढून त्यात एक मिळविला, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संख्या येते. ही मूळसंख्या आहे, म्हणजे एक व ती स्वतः यांवाचून अन्य कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, असे फ्रेंच गणिती पिएर द फेर्मा याचे मत होते. फेर्मा हा व्यवसायाने तूलूझ येथील न्यायाधिकारी. गणित हा त्याचा फावल्या वेळचा व्यासंग.

त्याच्या मतास आधार नव्हता असे नाही. दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा घात घेऊन प्रत्येकात एक मिळविल्यास ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या मिळतात, आणि त्या पाचही मूळसंख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करीत गेल्यास पुढेही मूळसंख्याच मिळतील, असे त्याने १६४० मध्ये पत्राने कळविले. सिद्धता आपणापाशी नाही, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले होते.

१७३२ मध्ये ऑयलरने ही समजूत खोटी ठरविली. ४,२९,४९,६७,२९७ म्हणजे ६४१ × ६७,००,४१७.

या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित अधिक आहे, आणि तेथपर्यंत ६,५४२ मूळसंख्या आहेत. इतके भागाकार कोण करणार? परंतु ऑयलरने पुढे सिद्ध केलेल्या एका नियमाने हे श्रम वाचतात. या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवास ६४ ने भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे. मग १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ एवढ्याच मूळसंख्या प्रथम तपासाव्या लागतात, आणि पाचव्या भागाकारात उत्तर हाती येते. नवल असे की, या नियमाचे मूळ फेर्माच्याच एका सिद्धांतात आहे.

भागाकार न करताही याचा पडताळा पाहता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १; तसेच ६४१ म्हणजे ६२५ + १६. पहिल्या रूपावरून ५ × १२८ हा गुणाकार ६४१ हून एकाने कमी आहे. म्हणून त्याच्या चौथ्या घातास ६४१ ने भागल्यास बाकी १ उरते. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. येथे ६२५ च्या जागी ६४१ वजा १६ लिहावे. सोळा हा दोनाचा चौथा घात असल्याने, ६४१ ची पट सोडून दिल्यावर उणे दोनाचा बत्तिसावा घात राहतो. त्याचीही बाकी १ च; अर्थात त्या घातात १ मिळविला की ६४१ ने निःशेष भाग जातो. विद्यार्थ्यांनी हे कागदावर करून पाहावे.

या मालिकेचे महत्त्व भूमितीतही आहे. सतरा भुजांची सुसम आकृती केवळ पट्टी व कंपास यांनी काढता येते, असे गाउसने १७९६ मध्ये दाखविले. १७ ही या मालिकेतील मूळसंख्या असल्यामुळेच ते शक्य होते.

मालिकेतील पुढची संख्या, म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात अधिक एक, हिचे अवयव लांद्री याने १८८० मध्ये शोधले. त्यांपैकी लहान अवयव २,७४,१७७ हा आहे. त्यापुढील ज्या ज्या संख्यांचा निकाल लागला, त्या साऱ्या संयुक्तच निघाल्या. तथापि या मालिकेत मूळसंख्या पाचच आहेत, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.