फर्नेस अडते, तेव्हा दोष कोणाचा?

अमेरिका-कॅनडात मुलाकडे किंवा मुलीकडे हिवाळा काढून आलेल्या आजी-आजोबांना तळघरातली फर्नेस चांगली ओळखीची असते. घर उबदार ठेवणारे हे कपाटाएवढे यंत्र बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूवर चालते आणि जोवर चालते तोवर त्याच्याकडे कोणी बघत नाही. मग जानेवारीतल्या एखाद्या रात्री ते अडते. आतला छोटा पंखा घोंघावू लागतो, ज्योत मात्र पेटत नाही. पंखा थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुढचे झाकण काढून पाहिले तर इलेक्ट्रॉनिक बोर्डावरचा बारीक दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असतो. झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्यात त्याचा अर्थ लिहिलेला असतो : ‘प्रेशर स्विच उघडा आहे.’

बाहेर बर्फ, घरात लहान मूल, आणि हा प्रेशर स्विच म्हणजे काय ते कोणालाच ठाऊक नाही, अशी अवस्था होते.

वस्तू दिसायला अगदी किरकोळ आहे. तळहातावर मावेल अशी चपटी गोल डबी, तिला एक किंवा दोन रबरी नळ्या आणि दोन वायरी. डबीत एक पातळ रबरी पडदा असतो. फर्नेसमधला छोटा पंखा जळालेला वायू नळकांड्यातून घराबाहेर ओढतो. ती ओढ नळीवाटे डबीत पोचली की पडदा किंचित सरकतो, आतले दोन पत्रे जुळतात आणि बोर्डाला निरोप जातो : धूर बाहेर जायची वाट मोकळी आहे, आता गॅस सोडायला हरकत नाही. निरोप आला नाही तर गॅसची झडप उघडतच नाही.

ही ओढ किती नाजूक असते याची कल्पना तिच्या मापावरून येते. ती ‘इंच पाणी’ या जुन्या मापात मोजतात. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ धरून पाणी दीड सेंटीमीटर वर चढेल इतकेच ओढायचे, की झाली साधारण ०.६० इंच पाण्याची ओढ. पास्कलमध्ये सांगायचे तर सुमारे १५०. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल असतो. त्याच्या साधारण सातशेव्या भागाएवढा फरक ओळखून ही डबी निर्णय देते.

पूर्वी याची गरज नव्हती. गरम धूर आपोआप चिमणीतून वर जायचा, पण त्याबरोबर बरीच उष्णताही वाया जायची. अमेरिकेत १९८७च्या कायद्याने घरगुती उपकरणांच्या कार्यक्षमतेचे निकष ठरले आणि १९९२पासून नव्या फर्नेसला किमान ७८ टक्के कार्यक्षमता बंधनकारक झाली. उष्णता जास्त शोषून घेतली तर धूर थंड होतो आणि थंड धूर स्वतःहून वर चढत नाही. म्हणून त्याला ओढणारा पंखा आला आणि पंखा खरेच काम करतो आहे ना हे पाहणारा स्विच आला.

दुरुस्तीची खरी गोम इथेच आहे. बोर्ड ‘स्विच उघडा’ म्हणतो, आणि ऐकणारा समजतो ‘स्विच बिघडला’. ही दोन वाक्ये एक नाहीत. बऱ्याचदा स्विच धडधाकट असतो आणि प्रामाणिकपणे सांगत असतो की ओढ पुरेशी नाही. बाहेरच्या पाइपच्या तोंडाशी बर्फ साचलेला असतो, कोळ्याने जाळे विणलेले असते किंवा पानांचा बोळा अडकलेला असतो. रबरी नळीला चीर गेलेली असते, किंवा ती बसते तिथले छिद्र गंजाच्या कणांनी बुजलेले असते. नव्या, ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षम फर्नेसमध्ये धुरातल्या वाफेचे पाणी होते. त्याचा निचरा तुंबला की पाणी आतच साठते आणि स्विच उघडतो. अशा वेळी नवा स्विच बसवला तर तोही पहिल्याच रात्री तीच तक्रार करतो.

जाणकार तंत्रज्ञ म्हणून आधी मॅनोमीटर काढतो. नळीत मधेच जोड देऊन प्रत्यक्ष ओढ मोजतो आणि स्विचवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहतो. ओढ आकड्यापेक्षा जास्त असूनही पत्रे जुळत नसतील तरच दोष स्विचचा. ओढच कमी असेल तर शोध दुसरीकडे घ्यायचा. नळी तोंडात धरून ओढायची आणि ‘टक्’ आवाज आला की स्विच चांगला, ही लोकप्रिय युक्ती फारशी कामाची नाही. तोंडाने हलके ओढले तरी ती ओढ या मापाच्या कैक पट होते. पडदा हलतो एवढेच त्यातून कळते, कोणत्या आकड्याला हलतो ते कळत नाही.

स्विच खरोखर गेला असेल तर दुसरी अडचण सुरू होते : नेमका तसाच शोधायचा कसा? मोजक्या कारखान्यांत बनलेल्या या डब्या अनेक फर्नेस कंपन्या आपापले क्रमांक छापून विकतात. त्यामुळे दोन स्विच जुळ्या भावांसारखे दिसतात, पण एक ०.३० इंचाला जुळणारा असतो आणि दुसरा ०.९०ला. दिसण्यावरून घेणे म्हणजे आकार सारखा म्हणून दुसऱ्याचा चष्मा घालण्यासारखे आहे. पाहायचा तो आकडा. त्यातही पत्रे जुळण्याचा आकडा आणि सुटण्याचा आकडा थोडे वेगळे असतात. मग नळ्या एक की दोन? एका नळीचा स्विच ओढीची तुलना खोलीतल्या हवेशी करतो, दोन नळ्यांचा स्विच फर्नेसमधल्याच दोन जागांची एकमेकींशी. दोन टप्प्यांत पेटणाऱ्या फर्नेसमध्ये एकाच पट्टीवर दोन स्विच शेजारी बसवलेले असतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही.

डबीवरचा कागद उडून गेला असेल तर फर्नेसच्या आतल्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक उतरवून घ्यावा. कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत त्या मॉडेलचा स्विच सापडतो, आणि तो बंद झाला असेल तर त्याच्या जागी आलेला नवा क्रमांकही. डेन्व्हरसारख्या मैलभर उंचीवरच्या शहरात हवा विरळ असते, तिथे त्याच फर्नेसला वेगळा स्विच लागू शकतो. बसवण्याचे काम पंधरा मिनिटांचे आहे : वीज आणि गॅस बंद, दोन स्क्रू, नळी, वायरी. त्यानंतर पुन्हा ओढ मोजणे, हे मात्र तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

थंडीने हैराण झालेला माणूस कधी कधी वेगळीच वाट धरतो. स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की बोर्ड फसतो आणि ज्योत पेटते. हे ओळखून बहुतेक आधुनिक बोर्ड पंखा सुरू होण्यापूर्वी स्विच उघडा आहे ना, हे तपासतात आणि तो आधीच जुळलेला दिसला तर अडून बसतात. तरीही जुन्या यंत्रांत हा उद्योग चालून जातो. कमी आकड्याचा स्विच बसवणे हाही त्याचाच सौम्य प्रकार.

ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते. फ्लू झाला असे वाटते, पण ताप नसतो. घरातल्या सगळ्यांना एकदमच असे होऊ लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर शंका घ्यायलाच हवी. कोविडकाळात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते आणि आकडा ९८ दाखवला जातो. निदान रक्ततपासणीनेच होते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक ते दीड तास. अमेरिकेत आगीशी संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेने वर्षाला चारशेहून अधिक माणसे दगावतात. तिथल्या घरांत झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर याचा अलार्म लावायला सांगतात तो त्यासाठीच. अलार्मचेही आयुष्य पाच ते दहा वर्षांचे असते, मागची तारीख पाहावी.

आपल्याकडच्या बाथरूममधल्या गॅस गीझरमध्येही असाच रबरी पडदा असतो. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने तो सरकतो आणि गॅसची झडप उघडतो. पण तो खात्री करतो पाण्याची, हवेची नाही. धूर ओढणारा पंखा नसलेल्या साध्या गीझरला दार-खिडकी बंद आहे हे कळण्याची सोय नसते, आणि हिवाळ्यात घरातल्या चार जणांच्या आंघोळी एकामागून एक होतात तेव्हा चौथ्याच्या वाट्याला पहिल्या तिघांचाही धूर येतो. असा गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्यावा.